न छापलेली रेषा: इंदूरच्या घाटाचा जुना नकाशा वाचताना

"मावशी, एवढ्या नद्या?"

भाचीचं बोट तपकिरी रेषांच्या गुंत्यावर होतं. रामबागेतलं आत्याचं जुनं घर आम्ही रिकामं करत होतो आणि ट्रंकेच्या तळाशी हा नकाशा निघाला. कागदाचे आयताकृती तुकडे कापून ते कापडावर चिकटवलेले, दोन तुकड्यांमध्ये बारीक फट ठेवलेली. घडी नेहमी फटीवर पडते, त्यामुळे शंभर वेळा उलगडला तरी कागद फाटत नाही. आत्याचे सासरे होळकर रियासतीत रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. त्यांनी दोन पानं एकाखाली एक जोडून घेतली आहेत: वर इंदूर आणि महू, खाली चोरलचं खोरं, काळाकुंड आणि निमाडकडे उतरणारा विंध्याचा कडा. डाव्या कोपऱ्याला वाळवी लागली आणि मोजणीचं वर्ष तिच्याबरोबर गेलं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा' ही व्याख्या मुलांकडून कितीतरी वेळा पाठ करून घेतली, आणि व्याख्या पाठ असलेल्या किती मुलांना नकाशात डोंगर दिसला याची मला आजही खंत वाटते. भाचीला मी व्याख्या सांगितलीच नाही. तिला बिलावलीच्या तलावाची आठवण करून दिली.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी ओसरतं. आठवडाभर जिथे टेकलेलं असतं तिथे काठावर गाळाची एक ओळ उरते. मग पाणी आणखी खाली जातं, दुसरी ओळ उमटते. प्रत्येक ओळ तलावाभोवती सगळीकडे एकाच पातळीवर असते, कारण पाण्याची पातळी सगळीकडे एकच. जिथे काठ उभा आहे तिथे या ओळी एकमेकींना चिकटतात. जिथे काठ पसरट, तिथे त्यांच्यात हातभर अंतर पडतं. आता हा तलाव एवढा मोठा समजा की त्यात अख्खा घाट बुडाला आहे, आणि पाणी दर वेळी बरोबर ५० फुटांनी उतरतं आहे. दर मुक्कामाला डोंगराच्या अंगावर एक ओळ. ते सगळं आकाशातून पाहिलं की तुझ्या बोटाखालच्या तपकिरी रेषा दिसतात. नद्या निळ्या आहेत. तपकिरी आहे ती उंची.

दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे २५० फुटांची उडी मोजायला सोपी जाते. रेषेत मधेच आकडा लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. मात्र रेषा कितव्या फुटावर आहे यापेक्षा दोन रेषांमध्ये अंतर किती आहे हे जास्त बोलकं आहे, आणि ते मोजायला कंपासपेटीतली पट्टी पुरते.

या नकाशाचं प्रमाण एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर. घाटाच्या कड्यावर दोन रेषांत मला जेमतेम एक मिलिमीटर अंतर मिळालं. म्हणजे ६३ मीटर पुढे गेलं की १५ मीटर वर. चार पावलांना एक पाऊल चढ. छातीचा भाता होतो असा.

आता त्याच डोंगरातून जाणारी काळी रेल्वेरेषा पाहा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला या मार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. खंडव्याहून निघालेली मीटरगेज १८७८ पर्यंत इंदूरला पोचली. काळाकुंड ते पातालपाणी या टप्प्यात चढ १:४० आहे: चाळीस फूट पुढे, एक फूट वर. गणित करू. ५० फूट चढायला या रुळांना २,००० फूट जावं लागेल, आणि या प्रमाणात २,००० फूट म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे रुळांनी एक तपकिरी रेषा ओलांडल्यापासून पुढची ओलांडेपर्यंत साधारण सेंटिमीटरभर जागा हवी. भाचीने पट्टी लावली. रूळ वळण घेत, डोंगराच्या कुशीला चिकटून, कधी बोगद्यातून जात होते, पण रेषा ओलांडायची घाई त्यांनी कुठेच केलेली नव्हती. "म्हणून इतकी वळणं!" ती म्हणाली. मीटरगेजच्या गाडीला काळाकुंडला मागून दुसरं इंजिन लावायचे, गाडी तेवढा वेळ थांबायची आणि सगळे उतरून कलाकंद घ्यायचे, हे तिने आईकडून ऐकलं होतं. ते इंजिन का लागायचं, ते तिला पट्टीवर दिसलं.

रेषा ओढ्याला भेटतात तेव्हा त्यांचं वागणं बदलतं. ओढा ओलांडताना प्रत्येक रेषा उगमाच्या दिशेने टोक काढते, कारण ओढ्याचा तळ खोल असतो आणि तीच उंची गाठायला रेषेला थोडं वर, मागे जावं लागतं. डोंगराच्या सोंडेवर उलटं: टोक उताराकडे. हे एकदा डोळ्यांत बसलं की ज्या ओघळींना नकाशावर निळा किंवा काळा रंग मिळालेला नाही त्याही दिसायला लागतात. या जुन्या पानांवर ज्या प्रवाहात बारमाही पाणी असतं तो निळा, आणि पावसाळ्यानंतर कोरडा पडतो त्याचे काठ काळे. विंध्याच्या उतारावर काळ्या रंगाचे ओढे जास्त आहेत. मे महिन्यात या भागात भटकलेल्याला ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. घाटातल्या रेषा सारख्या अंतरावर नाहीत. चार-पाच रेषांचा जुडगा, मग मोकळी पट्टी, पुन्हा जुडगा, पुन्हा पट्टी. हा बसाल्टचा हस्ताक्षर-नमुना. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. कठीण थर उभा कडा धरून राहतो, त्यावरचा मऊ थर झिजून सपाट पायरी होते. सह्याद्रीतही हेच आहे; नाशिककडचा माणूस हे पान पाहील तर आकृती ओळखेल. आमच्या आणि त्यांच्या डोंगराचं नातं भाषेच्याही आधीचं आहे.

आता मुख्य गोष्ट. नकाशावर रस्ते आहेत, रेल्वे आहे, रियासतींच्या हद्दी ठिपक्या-रेघांनी काढल्या आहेत. पण या मुलखात सगळ्यांत महत्त्वाची रेषा छापलेलीच नाही. ती वाचणाऱ्याने शोधायची असते.

वरच्या पानावर, इंदूरच्या आसपास, तपकिरी रेषा विरळ आहेत आणि जमीन हळूहळू उत्तरेकडे उतरते. इथे पडलेला पाऊस कान्ह नदीत जातो, कान्ह शिप्रेला मिळते, शिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. खालच्या पानावर रेषांची दाटी आहे आणि सगळे ओढे दक्षिणेकडे धावतात: चोरल नदीत, तिथून नर्मदेत, तिथून खंभातच्या आखातात. म्हणजे मधे कुठेतरी अशी जागा असणारच, जिथे शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक बंगालच्या उपसागराला जातो आणि दुसरा अरबी समुद्राला. ही जागा म्हणजे जलविभाजक. गावाकडे पाणलोटाची धार म्हणतात, आणि मला तो शब्द अधिक खरा वाटतो.

ती काढायची रीत सोपी आहे, वेळ मात्र लागतो. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवा. उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक ओढ्याचं डोकं शोधा आणि तिथे निळा ठिपका द्या. दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याशी लाल ठिपका. मग दोन रंगांच्या मधून पेन्सिल न्या, एकही ओढा न ओलांडता. ओढा ओलांडला की चुकलं, मागे या. आम्हाला अख्खी दुपार लागली. दोघींनाही एकाच गोष्टीचं नवल वाटलं: ही धार सगळ्यांत उंच शिखरांवरून जाते असं मुळीच नाही. महूच्या जवळ ती जवळजवळ सपाट माळावरून जाते. सायकलवरून ओलांडली तर कळणारही नाही. पातालपाणीचा धबधबा ज्या चोरलवर आहे ती महूच्या बाजूच्या पठारावरचं पाणी गोळा करते आणि मग एकदम कड्यावरून खाली झेपावते. दक्षिणेच्या नद्यांना उतार तीव्र मिळाला आहे, म्हणून त्या कडा खात खात मागे, पठारात घुसत आहेत. हे काम लाखो वर्षं चालू आहे आणि नकाशात ते स्पष्ट दिसतं.

इंदूरकरांसाठी या धारेला आणखी एक अर्थ आहे. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंप लावून ते चारशे मीटरहून अधिक वर चढवतात आणि या धारेपलीकडे आणतात. १९७० मध्ये शहराने त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं. जे पाणी आपल्या वाटेने पश्चिमेच्या समुद्राला जायचं ते आम्ही उचलून आणतो, भांडी घासतो, आणि ते कान्हमधून गंगेच्या वाटेला लागतं. भाची ऐकत होती. तिने स्वयंपाकघराच्या नळाकडे पाहिलं. तेव्हा ती काही बोलली नाही, पण ट्रेसिंग पेपरवर जलूदहून इंदूरकडे येणारा एक बाण तिने काढला, आणि तो धार ओलांडतो तिथे दोनदा गिरवला.

मग तिने विचारलं, हे सगळं विमानाशिवाय मोजलं कसं?

महेश्वरच्या घाटावर उभं राहून पलीकडच्या काठावरच्या झाडाचं अंतर काढायचं आहे, नदी न ओलांडता. घाटाच्या दोन टोकांमधलं अंतर टेपने नीट मोजा. एका टोकावरून झाडाकडे पाहा, कोन मोजा. दुसऱ्या टोकावरून पाहा, कोन मोजा. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण पक्का झाला. उरलेल्या बाजू गणिताने निघतात. आता ती निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया समजा. असं करत करत त्रिकोणांची साखळी देशभर नेता येते. प्रत्यक्ष जमिनीवर मोजायची ती फक्त पायाची रेषा, बाकी सगळे कोन.

हे काम विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, त्याच्या लोकांनी टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवला. लॅम्ब्टन १८२३ मध्ये वारला तो वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला, आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्याने १८२४ मध्ये पायाची एक रेषा मोजली ती आपल्या माळव्याच्या सीमेवर, सिरोंजला. सिरोंजजवळच कल्याणपूरची टेकडी आहे, आणि भारताच्या जुन्या नकाशांतले सगळे अक्षांश-रेखांश ज्या बिंदूपासून मोजले गेले तो बिंदू तिथे आहे. माझ्या मते हे मध्य प्रदेशातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं. एव्हरेस्टचं नाव हिमालयातल्या शिखराला मिळालं आणि कल्याणपूर कुणाला माहीत नाही.

नकाशावर छोटा त्रिकोण आणि शेजारी आकडा दिसतो, ती जागा या साखळीची. पण त्रिकोणांनी फक्त सांगाडा मिळतो. मांस भरलं ते प्लेन टेबलवाल्यांनी. तिपाईवर लाकडी फळी, फळीवर कागद, कागदावर आधीच मांडलेले त्रिकोणबिंदू. माणूस टेकडीवर चढायचा, तीन ओळखीचे बिंदू नजरेच्या पट्टीने धरून रेघा मारायचा, आणि त्या जिथे एकत्र येतील तिथे तो स्वतः उभा आहे हे त्याला कळायचं. तिथून देऊळ, विहीर, ओढ्याचं वळण यांच्याकडे रेघा. दुसऱ्या टेकडीवरून त्याच वस्तूंकडे पुन्हा रेघा. छेद मिळाला की वस्तू जागेवर बसली. उंची क्लिनोमीटरने, म्हणजे चढ-उताराचा कोन दाखवणाऱ्या साधनाने. समोच्च रेषा मात्र बऱ्याचशा तिथेच उभं राहून, मोजलेल्या उंचीबिंदूंच्या मधून, डोळ्याने ओढलेल्या असतात. म्हणून जुन्या पानावरच्या एखाद्या रेषेवर दहा फुटांची खात्री ठेवू नका. डोंगराचा स्वभाव बरोबर असतो, सुरकुती चुकू शकते.

फळी डोक्यावर घेऊन चढणारे, नजरेआड येणारी झाडी तोडणारे, दूरच्या टेकडीवर झेंडा धरून ऊन-पावसात उभे राहणारे होते खलाशी. जहाजावरचा शब्द मोजणीच्या खात्यात आला आणि टिकला. समासात त्यांची नावं छापलेली नसतात. गावांची नावं कुणाला विचारायची, कोणती वाट बैलगाडीला चालेल आणि कोणती फक्त माणसाला, हे त्यांच्या आणि स्थानिक वाटाड्यांच्या तोंडूनच कागदावर आलं असणार.

वस्त्यांकडेही असंच पाहायला हवं. पठारावरची गावं लाल रंगाचा एक गठ्ठा: मधे गाव, भोवती पिवळी शेतं. घाटाखाली तोच लाल रंग कणाकणाने विखुरलेला. ही भिल्लांची वस्ती. भिल्ल आपल्या शेतावर घर बांधतो, घरं दूर दूर, आणि अशा विखुरलेल्या वस्तीचं नाव फळिया. घाईने पाहणाऱ्याला वाटेल इथे कुणी राहतच नाही. दहा-बारा कणांना मिळून एकच नाव आहे, आणि त्या फळियांना घरची माणसं काय म्हणत ते नकाशात नाही.

कोपऱ्यातला '४६ एन/१४' हा पत्ता वाचायला मात्र मिनिट लागतं. देशाचे चार अंश लांब, चार अंश रुंद असे चौकोन पाडले. त्यातला आपला ४६ वा. त्याचे एक-एक अंशाचे १६ भाग, इंग्रजी ए ते पी. मोजायचे वरून खाली, मग पुढची रांग पुन्हा वरून. आडवं मोजलं की हमखास चुकतं. आपला एन. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग, त्याच चालीने. इंदूर चौदाव्यात, त्याखालचा घाट पंधराव्यात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या खुल्या मालिकेत इंदूरच्या पानाचा क्रमांक एफ ४३ एन १४ झाला, शेवटचं 'एन १४' तसंच राहिलं. नवं पान १:५०,००० चं आहे, त्यात समोच्च रेषा २० मीटरवर आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फक्त जुन्या पानावरचे अक्षांश-रेखांश थेट मोबाईलमध्ये घालू नका: तेव्हा पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्या १८३० च्या मापाने धरला होता, मोबाईल दुसरं माप धरतो, आणि बिंदू सरकलेला दिसतो.

राहिलं वाळवीने नेलेलं वर्ष. ते दुसऱ्या वाटेने शोधता येतं. डोंगर रंगीत समोच्च रेषांनी दाखवले आहेत. नव्या धर्तीच्या रंगीत नकाशांची शिफारस १९०५ च्या सुमारास झाली. त्याआधीच्या नकाशांत डोंगर बहुधा बारीक फटकाऱ्यांनी काढत. म्हणजे पान त्यानंतरचं. वर 'इंदूर स्टेट' छापलं आहे. २८ मे १९४८ ला मध्य भारत झालं, म्हणजे पान त्याआधीचं. किंमत रुपये-आण्यांत आहे, पण आणे १९५७ पर्यंत चालले, त्यामुळे त्याने नवं काही कळत नाही. साधारण चाळीसेक वर्षांची खिडकी मिळाली. त्यातही एक सावधगिरी: पुन्हा छापताना अनेकदा फक्त रस्ते आणि रेल्वे सुधारत, जंगल आणि वस्ती जुन्या मोजणीचीच राहत असे. म्हणजे एकाच पानावर दोन वेगवेगळ्या काळातली माहिती असू शकते. हिरवा रंग पाहून 'तेव्हा इथे जंगल होतं' म्हणताना 'तेव्हा' म्हणजे मोजणी झाली तेव्हा, छपाई झाली तेव्हा नव्हे.

संध्याकाळी भाचीची पेन्सिल डाव्या कडेला येऊन थांबली. धार अजून संपलेली नव्हती. ती कागदाबाहेर, पश्चिमेला जात होती. तिकडे जानापाव आहे, चंबळचा उगम आणि परशुरामाचं स्थान, जिथे आत्या दर कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला जायची. ते पान या ट्रंकेत नाही. भाचीने ट्रेसिंग पेपरला डावीकडे एक कोरा कागद चिकटवला, धारेचं टोक त्यावर दोन बोटं पुढे नेलं, आणि तिथे तारीख घालून ठेवली.